सहा नंबरचा दात

वाल्मीक सावंत नामपूरचा. घरी कांदा. त्यानं मराठी घेऊन बीए केलं आणि दोन वर्षं घरी बसून काढली. मग १९८४ साली त्याला नाशिकला, सातपूरच्या एका तपासणी प्रयोगशाळेत टायपिस्टची नोकरी लागली.

प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची लांबट शेड. आत चार यंत्रं, एक लेथ, साहेबांची काचेची केबिन. आसपासच्या कारखान्यांचा माल तिथं तपासायला यायचा. साखळ्या, हूक, वेल्डिंगचे तुकडे, बांधकामाच्या सळया. कुणी ओढून बघायचं, कुणी वाकवून बघायचं. झालं ते वाल्मीकनं टाइप करायचं.

पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, "आधी पगाऱ्यांकडे जा. काय असतं ते डोळ्यांनी बघ. नाहीतर कविता टाइप करशील."

सावळीराम पगारे यंत्राजवळ उभे होते. चाळिशीचा माणूस. काटक, काळासावळा, खिशाला दोन पेनं. यंत्रात बोटभर जाडीची सळई दोन्ही टोकांनी धरलेली. वर काटा चढत होता. पगारे काट्याकडे बघत नव्हते. मान तिरकी करून त्यांनी सळईकडे कान दिला होता.

"काय ऐकताय?" वाल्मीकनं विचारलं.

पगाऱ्यांनी नुसता हात वर केला. थांब म्हणून. आणि बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. वाल्मीक दोन पावलं मागं उडाला तो थेट लेथवाल्या बहिरूच्या अंगावर.

"काय बीए," पगारे म्हणाले, "कॉलेजात सळया तोडत नाहीत वाटतं?"

त्या दिवसापासून शेडमध्ये त्याचं नाव बीए पडलं. आणि त्या माणसाशी त्याची दोस्ती झाली. कशी झाली ते त्याला नीट सांगता आलं नसतं. वयात अठरा वर्षांचं अंतर होतं. एकाला लोखंड कळत नव्हतं, दुसऱ्याला कादंबऱ्या.

पगाऱ्यांचे वडील मनमाडला रेल्वेत होते. गाडी स्टेशनात लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्याडब्याची चाकं ठोकत जायचे. चांगलं चाक खणकन वाजतं. तडा गेलेलं बद्द वाजतं. सावळीराम शाळा सुटली की वडिलांमागून प्लॅटफॉर्मभर हिंडायचा. पुढं आयटीआय केलं, एकाहत्तर साली नाशिकला आला, आणि या शेडमध्ये चिकटला तो चिकटलाच. तोडण्याचा पगार घेतो, असं स्वतःच सांगायचा.

पण जे तुटायचं नाही त्याचा त्यांना खरा अभिमान. क्रेनची साखळी आली की ती उचलायची असेल त्याच्या दुप्पट वजनानं एकदा ओढायची. टिकली तर तिला पितळेचा बिल्ला. बिल्ल्यावर नंबर आणि ठोकलेली अक्षरं, सा. प. मग ती साखळी परत मालकाकडे. तीच क्रेनला चढायची. तपासणीच्या छापील कागदाची शेवटची ओळ ठरलेली होती: नमुना तपासला, वापरास योग्य आहे. वाल्मीकला ती ओळ आवडायची. आकड्यांच्या त्या जंगलात तेवढंच एक पुरं वाक्य होतं.

"क्रेनखाली माणूस उभा असतो," पगारे एकदा म्हणाले. "तो पगाऱ्याला ओळखत नाही. पण बिनघोर उभा राहतो. कशामुळं?"

"कशामुळं?"

"अरे, ती साखळी माझ्या हातून गेलेली असते. तीच. दुसरी नाही."

पंच्याऐंशीच्या जानेवारीत दातांचे डॉक्टर निकम शेडमध्ये आले. स्कूटरवरून उतरले तेव्हा हातात रुमालाची पुरचुंडी होती. ती त्यांनी साहेबांच्या टेबलावर उघडली. आत आठ स्क्रू. करंगळीच्या नखाएवढ्या लांबीचे. चमक नाही, राखाडी रंग.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. दात मुळासकट गेला की त्याच्या जागी हाडात हा स्क्रू बसवायचा. तीन-चार महिन्यांत हाड त्याला घट्ट धरतं. मग त्याच्यावर वरचा दात चढवायचा. परदेशात करू लागले आहेत. तिकडचा स्क्रू आपल्या माणसाला परवडत नाही. म्हणून त्यांनी मुंबईहून टायटॅनियमची सळई आणली आणि अंबडच्या एका कारागिराकडून हे कातून घेतले.

"हाडात स्क्रू?" पगारे म्हणाले. "लाकडात मारतो तसा?"

"जवळजवळ तसाच."

"आणि आटे घासले तर?" बहिरूनं मागून विचारलं. "मोठ्या साइजचा मारायचा का?"

डॉक्टर हसले. मग गंभीर झाले. "तोंडात तुटला तर वाईट. वरचा तुकडा पेशंटच्या हातात येईल आणि खालचा हाडात रुतून बसेल. तो मला कोरून काढावा लागेल. म्हणून आलोय. किती जोर सोसतो आणि किती दिवस सोसतो, तेवढं सांगा."

पगाऱ्यांनी एक स्क्रू उचलून कानाजवळ नेला, नखानं टिचकी मारली. काहीच ऐकू आलं नाही. ते जरा खट्टू झाले.

पुढचा महिनाभर त्यांनी जबडा बनवला. पितळेचा ठोकळा घेतला, त्याला भोक पाडलं, त्यात घट्ट होणारं रेझिन ओतून स्क्रू उभा केला. सरळ नव्हे, तिरका. कारण माणूस सरळ चावत नाही, रवंथ करतो, असं डॉक्टरांचं म्हणणं. स्क्रूचं डोकं तीन मिलिमीटर उघडं ठेवलं. वयाबरोबर हाड खाली जातं, तेवढं. वरून एक दांडा. दांड्याला मोटर. मोटर फिरली की दांडा स्क्रूवर सेकंदाला दहा वेळा दाबायचा. स्क्रू तुटला की खालची कळ दाबली जाऊन मोटर आपोआप बंद. शेजारी आकडे मोजायचं यंत्र.

प्रश्न होता, किती वेळा दाबायचं? डॉक्टर म्हणाले, वर्षाला दहा लाख धरा. पाच वर्षांचे पन्नास लाख. पगाऱ्यांचा विश्वास बसेना. त्यांनी गेटवरचं गाड्या मोजायचं मुठीत मावणारं यंत्र घरी नेलं. वाल्मीक त्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला होता. चांगुणाबाई, म्हणजे त्यांची बायको, भाकरी खात होत्या. पगारे समोर बसून मांडीआड हात धरून टिकटिक करत होते.

"काय मोजताय?"

"काही नाही."

"भाकरी मोजताय काय माझी?"

"किती वेळा चावतेस ते."

"पंधरा वर्सं संसार केला, आता चावनं मोजाया लागले! बघा भाऊजी, बघा. तुमच्या दोस्ताला वेड लागलं."

"तू एकाच बाजूनं का चावतेस?" पगाऱ्यांनी विचारलं.

"डाव्या अंगाची दाढ काढून दोन वर्सं झाली. आज दिसलं व्हय?"

पगाऱ्यांची टिकटिक थांबली. दोन वर्षं समोर बसून जेवलेला माणूस. वाल्मीकनं ताटात बघितलं. हिशेब मात्र जुळला. दिवसाला पावणेतीन हजार, म्हणजे वर्षाला दहा लाख. डॉक्टर बरोबर होते.

मग यंत्र सुरू झालं. एक आणि दोन नंबरचे स्क्रू नुसते दाबत नेले. साठ किलोच्या आसपास वाकले. तीन, चार, पाच आणि आठ नंबरवर चाळीस किलोचा जोर परत परत दिला. चारही दीड लाखाच्या आत तुटले. डॉक्टर म्हणाले, रोजच्या चावण्यात एवढा जोर येत नाही, पंचवीस पुरे. उरलेल्या सहा आणि सात नंबरवर पंचवीस किलो लावले. एकेक स्क्रू सहा सहा दिवस. दांडा रात्रंदिवस टकटकत राहिला. सकाळी आल्यावर पगारे आधी त्या आकड्याकडे जायचे, मग हजेरीला.

सहा नंबर पन्नास लाख टिकला. सात नंबरही टिकला.

शेडमध्ये पेढे वाटले. पगाऱ्यांनी दोन्ही स्क्रू स्पिरिटनं पुसले, दोन छोट्या पुड्या केल्या आणि पुड्यांना बिल्ले बांधले. बिल्ला स्क्रूच्या चौपट मोठा. वाल्मीकनं साखळीचा छापील कागद टाइपरायटरला चढवला. दुसरा कागद नव्हताच. साखळी खोडून दंतरोपण लिहिलं. आकडे भरले. शेवटची ओळ आपली जिथल्या तिथं होती.

डॉक्टर कागद वाचून खूश झाले. "पगारे, तुमच्या घरी कुणाची दाढ गेली आहे म्हणालात ना? घेऊन या. फुकट बसवतो."

"कोणता बसवाल?"

"हाच. सहा नंबर. तुमच्या डोळ्यांसमोर पन्नास लाख वेळा टिकलेला. याच्याहून भरवशाचा कुठला आणू?"

पगाऱ्यांचा चेहरा फुलला. वाल्मीकला तो चेहरा पुढं बरेच दिवस आठवत राहिला.

मार्चमध्ये चांगुणाबाईंच्या जबड्यात सहा नंबर बसला. जुलैत त्यावर दाढ चढली. त्या आठवड्यात वाल्मीक घरी गेला तर त्यांनी त्याच्यापुढं फुटाण्यांची वाटी ठेवली आणि स्वतः मूठभर तोंडात टाकले.

"ऐका," त्या म्हणाल्या. आणि डाव्या बाजूनं कडाकड चावून दाखवलं. "दोन्हीकडून! लासलगावला माहेरी गेले तर समदी वाड्यावरची पोरं तोंडात बघायला. म्हनलं, लांबूनच बघा. कारखान्यात तपासलेला हाय."

सात नंबरचं मात्र काही झालं नाही. पेठचे एक शिक्षक तो बसवून घेणार होते. ड्रिल बघून ते जे गेले ते परत आलेच नाहीत. नोव्हेंबरात डॉक्टर ती पुडी घेऊन शेडमध्ये आले. डिसेंबरात मुंबईला दंतवैद्यांची परिषद होती. तिथं त्यांना सांगायचं होतं, आमचा स्क्रू पन्नास लाखांवर आणखी किती जातो ते.

"पुढं चालवा," ते म्हणाले. "तुटेपर्यंत."

यंत्र लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाल्मीक आला तेव्हा शेडमध्ये टकटक नव्हती. पगारे यंत्रापुढं स्टुलावर बसले होते. आकड्यांवर अठ्ठावन्न लाख बारा हजार.

"तुटला?"

पगाऱ्यांनी भिंग पुढं केलं. वाल्मीकनं तुटलेलं तोंड बघितलं. अर्धा भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा. उरलेला भाग खडबडीत.

"ह्या रेषा म्हणजे तडा," पगारे म्हणाले. "रोज थोडा थोडा आत गेलेला. खडबडीत आहे ते आजचं. गुळगुळीत आहे ते आधीचं. कधीपासूनचं, देव जाणे. वरून काही दिसत नव्हतं, मी स्वतः पुसला होता."

वाल्मीकला अजून काही कळलं नव्हतं. "पण पन्नास लाख तर टिकला."

"बीए, साखळी आपण किती वेळा ओढतो?"

"एकदा."

"एकदा. त्यात तिचं काही जात नाही. आणि हा किती वेळा दाबला?"

वाल्मीकनं आकड्यांकडे बघितलं.

"सहा नंबर किती वेळा दाबला?"

आता त्याला कळलं. तो कपाटाकडे गेला, फाइल काढली, मार्चचा कागद काढला. नमुना तपासला, वापरास योग्य आहे. खाली साहेबांची सही. टाइप करणाऱ्याच्या जागी वा. सा. त्यानंच.

"पाच वर्षं चावून झालेला दात मी तिच्या तोंडात बसवला," पगारे म्हणाले. "बिल्ला बांधून."

साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, एक तुटला म्हणून दुसरा तेवढ्यावरच तुटेल असं काही नाही. मग थोडं थांबून म्हणाले, तुटणार नाही असंही नाही. पगारे आणि वाल्मीक डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सात नंबरचे दोन तुकडे तळहातावर घेऊन जुळवून बघितले.

"मलाही तो सगळ्यांत भरवशाचा वाटला होता, पगारे. मी शिकलेला माणूस. मला कळायला हवं होतं."

"काढता येईल?"

"येईल. पण हाडानं धरलाय. भोवतीचं हाड कोरावं लागेल. दुखेल. खड्डा पडेल, तो भरायला सहा महिने. आणि कदाचित तो स्क्रू अजून दहा वर्षं टिकला असता, असंही होईल."

"आणि नाही काढला तर?"

"तर कदाचित काहीच होणार नाही. किंवा एखाद्या दिवशी फुटाणे खाताना तुटेल, आणि मग याच्या दुप्पट कोरावं लागेल."

रस्त्यात पगाऱ्यांनी सायकल थांबवली. "सात नंबर आठ लाख जास्त गेला. म्हणजे नऊ-दहा महिने. ती जुलैपासून चावतेय. चार गेले." पुन्हा पॅडल मारलं. पुन्हा थांबले. "पण एकाच सळईतले आहेत म्हणून दोघांचं सारखं असेल? तू सांग, बीए. तुम्ही लोक एवढी पुस्तकं वाचता."

वाल्मीकनं कॉलेजात वाचलेलं एकही पान त्याच्या उपयोगी पडेना.

पगाऱ्यांनी घरी काही सांगितलं नाही. रविवारी चांगुणाबाईंनीच वाल्मीकला निरोप धाडला. तो गेला तेव्हा पगारे पाणी भरायला नळावर गेले होते.

"भाऊजी, खरं सांगा. ह्यांना नोकरीवरून काढलं का?"

"नाही वहिनी. कोण म्हणालं?"

"मग आठ दिवस झाले, खिचडी नायतर भात. भाकरी केली तर म्हनतात, दुधात कुस्कर. फुटाण्याचा डबा शेजारच्या विमलाबाईला दिऊन टाकला. विचारलं तर म्हनतात, भाकरी पचत नाय. कुणाला? मला तर दगड पचंल. आन् जेवताना माझ्या तोंडाकडं असं बघतात, जसं काय मी उद्या मरनार हाय."

पगारे दोन बादल्या घेऊन दारात उभे होते. त्यांनी बादल्या खाली ठेवल्या. वाल्मीककडे बघितलं. वाल्मीकनं मान खाली घातली.

मग पगाऱ्यांनी सांगितलं. सगळं. सात नंबरचं, रेषांचं, साखळीचं. मध्ये मध्ये अडखळत. चांगुणाबाई चुलीपुढं बसून ऐकत होत्या.

"म्हंजी माझ्या तोंडात जुनं सामान हाय."

"जुनं नाही गं. तपासलेलं."

"किती येळा दाबलंत?"

"पन्नास लाख."

त्यांचा हात गालाकडं गेला. "भांडीवाली जुन्या पातेल्याला कल्हई लावून नवं म्हणून विकती, तिला तुम्ही दारातून हाकललं होतं. आठवतंय?"

"मला वाटलं, जे टिकलं तेच द्यावं."

"वाटलं असंल." त्या वाल्मीककडे वळल्या. "आन् तुम्ही? तुम्ही काय केलं?"

"मी... कागद टाइप केला, वहिनी."

"काय लिवलं?"

"वापरास योग्य आहे."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. तेच वाल्मीकला जास्त लागलं. पगाऱ्यांनी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, दोन्ही बाजूंचं. काढला तर खड्डा, नाही काढला तर कदाचित काहीच नाही.

"तुमचं काय म्हननं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"मला सांगता येत नाही."

"पंधरा वर्सात पयल्यांदा ऐकलं हे." त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "काढा मग. तो तुटंल तवा तुम्ही कारखान्यात असाल. मी हितं असंन."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी तो काढला. दीड तास लागला. हाडाची एक कपची बरोबर आली. गाल सुजून लिंबाएवढा झाला. डॉक्टरांनी सहा नंबर धुऊन कापसात गुंडाळून पगाऱ्यांच्या हातात दिला. भिंगातून बघितला तर त्याच्यावर एकही रेष नव्हती.

दुसऱ्या दिवशी पगाऱ्यांनी तो यंत्रावर चढवला. पुन्हा पंचवीस किलो. आकडे पन्नास लाखांपासून पुढं.

आठ लाख गेले. तुटला नाही. पंधरा लाख, वीस लाख. शेडमधली माणसं येता-जाता आकडा बघून जायची. पगारे कुणाशी बोलत नव्हते. वाल्मीकच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात तुट, तुट म्हणतोय. त्याला स्वतःची लाज वाटली. तरी तो म्हणतच राहिला.

सहाव्या दिवशी दुपारी कळ पडली. चौऱ्याण्णव लाख.

बहिरूनं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे वरचे चव्वेचाळीस. वहिनींची दाढ अजून चारेक वर्षं आरामात चालली असती की, पगारे! उगाच कोरली बिचारीला."

पगाऱ्यांच्या हातात पाना होता. तो त्यांनी सावकाश टेबलावर ठेवला आणि तोंड धुवायला गेले. वाल्मीकनं बहिरूकडे बघितलं. बहिरूही गोंधळला होता. "मी काय खोटं बोललो?" तो म्हणाला.

संध्याकाळी पगारे वाल्मीकला घरी घेऊन गेले. वाटेत एकदाच बोलले. "काय सांगू तिला?" वाल्मीकला वाटलं, सांगावं की लगेच तुटला. दुसऱ्याच दिवशी. तो तसं बोलणारही होता. पण पगारे पुढं निघून गेले.

"चौऱ्याण्णव लाख गेला," त्यांनी दारातच सांगितलं.

चांगुणाबाईंची सूज उतरली होती. उजव्या बाजूनं त्या सुपारी चघळत होत्या. "लय गेला."

"हो."

"लवकर तुटला असता तर तुमाला बरं वाटलं असतं, नाय?"

पगाऱ्यांनी चपला काढल्या. वाल्मीकच्या हातात चहाचा कप होता. तो तसाच राहिला. हे आपणही आठवडाभर म्हणत होतो, हे त्याला सांगायचं होतं. पण ते असं दिवाणावर बसून सांगण्यासारखं नव्हतं.

"मलाबी वाटलं असतं," चांगुणाबाई म्हणाल्या, आणि आत गेल्या.

शहाऐंशीच्या जूनमध्ये खड्डा भरला. डॉक्टरांनी नवीन दहा स्क्रू कातून आणले. या वेळी त्यांनी विचार केला होता. "पाच तपासा. तुटेपर्यंत तपासा. उरलेले पाच कोरे ठेवू. त्यातला बसवू."

"म्हणजे तपासलेले वापरायचे नाहीत," पगारे म्हणाले.

"नाहीत."

"आणि वापरायचे ते तपासायचे नाहीत."

"तसंच."

पगाऱ्यांनी मान डोलावली. पण त्यांना ते गिळता आलं नाही. पंधरा वर्षं त्यांनी जी वस्तू हातातून गेली तिचीच हमी दिली होती. आता डॉक्टर म्हणत होते, हमी द्यायची ती हातात न घेतलेल्या वस्तूची. तिच्या भावंडांकडे बघून.

पाच तपासले. सगळे सत्तर लाखांवर गेले. चांगले निघाले. वाल्मीकनं या वेळी कोऱ्या कागदावर टाइप केलं. नमुने तुटले, असं लिहिलं. पुढं काय लिहावं ते कळेना. तो पगाऱ्यांकडे गेला.

"हे पाच चांगले निघाले," पगारे म्हणाले. "कबूल. पण ते पाच?"

"एकाच सळईतले आहेत."

"सहा आणि सातही एकाच सळईतले होते."

वाल्मीक परत आला आणि कागदाचा खालचा भाग मोकळा सोडला. साहेबांनी तशीच सही केली.

दवाखान्यात त्या दिवशी वाल्मीकही गेला. चांगुणाबाई खुर्चीत आडव्या झाल्या होत्या. हनुवटीखाली पांढरं कापड. डॉक्टर हात धुऊन, ते वर धरून उभे होते. उकळून काढलेले पाच स्क्रू स्टीलच्या ट्रेमध्ये ओळीनं ठेवलेले. नंबर नाहीत. बिल्ले नाहीत.

"पगारे, तुम्ही निवडा," डॉक्टर म्हणाले. "तेवढा तुमचा हक्क."

पगारे भिंग घेऊन ट्रेवर वाकले. पहिला बघितला. दुसरा बघितला. पाचही बघून झाले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. डॉक्टरांचे हात खांद्याशी तसेच होते, दुखत असावेत. वाल्मीकला पगाऱ्यांच्या कपाळावर घाम दिसला. पाचही सारखे होते. त्याला तर भिंगाशिवायही सारखेच दिसत होते.

"पगारे?"

"थांबा."

"अहो," चांगुणाबाई म्हणाल्या, "माझं अंग आखडलं."

"थांब गं जरा."

चांगुणाबाईंनी खुर्चीतून हात बाहेर काढला.

"हात लावू नका!" डॉक्टर ओरडले.

"नाय लावत. दावते." त्यांनी बोट केलं. "त्यो. कडंचा."

पगाऱ्यांनी भिंग खाली घेतलं. "तोच का?"

"जवळ हाय म्हनून."

डॉक्टरांनी पगाऱ्यांकडे बघितलं. पगारे त्या स्क्रूकडे बघत होते. हो म्हणाले नाहीत. नाही म्हणाले नाहीत. मग ते ट्रेपासून एक पाऊल मागं सरले. डॉक्टरांनी चिमट्यानं कडेचा स्क्रू उचलला.

"तोंड उघडा," ते म्हणाले.

चांगुणाबाईंनी तोंड उघडलं.